मोजपट्टी लावा, चूक सापडेल
वाचकांचे प्रश्न : संगणकावरून मूळ मापाची प्रिंट

प्रिंट मापात येत नाही, अशा आशयाची बरीच पत्रे आली. पान, ब्लाउजचा कागदी नमुना, मोडी कागद, पासपोर्टचा फोटो असे विषय वेगवेगळे, पण दुखणे एकाच घरातले. बहुतेकांनी ‘जरा लहान आली’, ‘थोडी मोठी झाली’ असे लिहिले आहे. आमची विनंती अशी, की ‘जरा’ आणि ‘थोडी’ सोडून आकडा काढा. जे माप असायला हवे होते त्याने आलेल्या मापाला भागा. त्या टक्केवारीवरून चूक कुठे झाली ते बहुतेक वेळा घरबसल्या कळते. खाली ज्यांनी आकडे कळवले, त्यांचेच प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी पिंपळाचे पान स्कॅन केले. खरे पान देठासकट १२ सेंमी आहे, प्रिंटमध्ये ते साडेअकराच भरते. स्कॅनर बिघडलाय की प्रिंटर?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

दोन्ही यंत्रे ठीक आहेत. ११.५ भागिले १२ म्हणजे सुमारे ९६ टक्के, आणि ९६-९७ टक्के हा आकडा दिसला की समजावे, मधल्या प्रोग्रॅमने चित्र ‘फिट’ केले आहे. प्रिंटरला कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही. साध्या लेझर प्रिंटरमध्ये चारही बाजूंना साधारण ४ मिमी पट्टी कोरी राहते. ए-फोर कागद २१० मिमी रुंद असतो, त्यातले ८ मिमी गेले की उरले २०२. तुम्ही स्कॅनरची पूर्ण काच स्कॅन केली असणार, म्हणजे चित्र २१० मिमी रुंद. ते २०२ मध्ये बसवायचे तर ९६ टक्क्यांवर आणावेच लागते. प्रोग्रॅमने ते न विचारता आणले. कागदाची कड कापली जाऊ नये हा त्याचा हेतू, पण तुमचे पान अर्धा सेंटिमीटर आखडले.

उपाय दोन टप्प्यांचा आहे. आधी चित्रातला पानाभोवतीचा नको असलेला भाग कापून टाका, म्हणजे कोऱ्या पट्टीशी भांडण उरणार नाही. मग अशा प्रोग्रॅममधून प्रिंट द्या, जो फाइलमधला डीपीआय (एका इंचात किती ठिपके धरायचे, तो आकडा) वाचतो. विंडोजवर इर्फानव्ह्यू हा छोटा प्रोग्रॅम या कामाला फार चांगला, आणि घरगुती व शैक्षणिक वापराला मोफत आहे. त्यात प्रिंटच्या खिडकीत ‘ओरिजिनल साइज (फ्रॉम इमेज डीपीआय)’ हा पर्याय निवडायचा. ‘बेस्ट फिट टू पेज’ निवडायचा नाही. मॅकवर प्रीव्ह्यूमधून प्रिंट देताना ‘स्केल टू फिट’ऐवजी ‘स्केल’ निवडून १०० लिहा. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रिंट’ म्हटल्यावर जी खिडकी उघडते, ती मात्र या कामाला वापरू नका. तिथे पूर्ण पान, १०×१५ सेंमी, १३×१८ सेंमी अशा ठरलेल्या चौकटी आहेत, मूळ मापाचा पर्यायच नाही. शिवाय ‘फिट पिक्चर टू फ्रेम’वर खूण असेल तर चौकट भरण्यासाठी चित्राच्या कडाही कापल्या जातात.

आता डीपीआय म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढच्या निम्म्या प्रश्नांचे मूळ तेच आहे. चित्राला स्वतःचे सेंटिमीटर नसतात, नुसते पिक्सेल, म्हणजे रंगाचे बारीक ठिपके, असतात. तुम्ही ३०० डीपीआयवर स्कॅन केले असेल तर १२ सेंमीच्या पानाचे सुमारे १४१७ पिक्सेल झाले (१२ भागिले २.५४, गुणिले ३००). स्कॅनर फाइलमध्ये एक चिठ्ठी ठेवतो, ‘एका इंचात ३०० पिक्सेल धरा’. प्रिंट देणाऱ्या प्रोग्रॅमने ती चिठ्ठी वाचली तर १४१७ पिक्सेलचे पुन्हा १२ सेंमी होतात. चिठ्ठी हरवली, तर तो आपल्या मनाने आकडा धरतो, बहुधा ९६ किंवा ७२. ९६ धरला तर तेच पान साडेसदतीस सेंटिमीटरचे होते आणि ७२ धरला तर ५० सेंटिमीटरचे. म्हणून प्रिंट सव्वातीनपटीच्या आसपास किंवा सव्वाचारपटीच्या आसपास मोठी येऊन पानाबाहेर गेली, तर प्रिंटरकडे बघूच नका. फाइलमधली चिठ्ठी गळली आहे.

ती परत लावता येते. इर्फानव्ह्यूमध्ये ‘इमेज’ मेनूतल्या ‘इन्फर्मेशन’मध्ये रेझोल्यूशनचे, म्हणजे डीपीआयचे, दोन रकाने आहेत, तिथे ३०० लिहून ‘चेंज’ दाबा आणि फाइल सेव्ह करा. गिंप या चित्रे सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘इमेज’ मेनूत ‘प्रिंट साइज’ आहे. त्याच मेनूतल्या ‘स्केल इमेज’शी त्याची गल्लत करू नका. ‘प्रिंट साइज’ फक्त चिठ्ठी बदलते. ‘स्केल इमेज’मध्ये पिक्सेलची संख्याच बदलली, तर पुसलेले तपशील परत मिळत नाहीत.

प्रश्न : ब्लाउजचा नमुना पीडीएफ स्वरूपात विकत घेतला. त्यावर तपासणीसाठी ५ सेंमीचा चौरस आहे. तो ४.७ भरतो. तीन मिलिमीटरने एवढे काय बिघडणार, म्हणून बेतला, तर ब्लाउज अंगात शिरेना.
– शिवणकाम करणाऱ्या एक वाचक, इचलकरंजी

तीन मिलिमीटर त्या चौरसात आहेत. ब्लाउजमध्ये ते साठत जातात. ४.७ भागिले ५ म्हणजे ९४ टक्के. छत्तीसच्या छातीचा ९४ टक्के म्हणजे ३३.८४. तुम्ही छत्तीसचा नमुना घेऊन चौतिसाचाही नसलेला ब्लाउज शिवलात. मुंढा आणि बाही त्याच प्रमाणात आखडली, त्यामुळे कुठे एका जागी उसवून भागणार नाही. कापड वाया गेले याचे आम्हालाही वाईट वाटते; म्हणून हे उत्तर सविस्तर देतो.

९४ टक्के ही लेटर कागदाची खूण आहे. ए-फोर २१०×२९७ मिमी असतो. अमेरिकेत चालणारा लेटर कागद २१६×२७९ मिमी, म्हणजे थोडा रुंद पण आखूड. २७९ भागिले २९७ केले की ९४ टक्के येतात. आपल्याकडे दुकानात लेटर कागद सहसा मिळतही नाही, पण विंडोज बसवताना प्रदेश ‘युनायटेड स्टेट्स’ राहिला तर प्रिंटर आपोआप लेटर धरून बसतो. ट्रेमध्ये ए-फोर, सेटिंगमध्ये लेटर. मग ए-फोरची पीडीएफ लेटरमध्ये मावावी म्हणून आक्रसली जाते, आणि छापलेल्या कागदाच्या खाली जास्तीची कोरी जागा सुटते.

दुरुस्ती अशी. सेटिंग्जमध्ये प्रिंटर निवडून ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये कागद ए-फोर करा. त्याच प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘अॅडव्हान्स्ड’ टॅबखाली ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ असते, तिथेही करा, नाहीतर दुसऱ्या कुणी लॉगिन केले की लेटर परत येतो. मग पीडीएफ ब्राउझरमध्ये न उघडता अॅडोबी रीडरमध्ये उघडा. प्रिंटच्या खिडकीत ‘अॅक्चुअल साइज’ निवडा. ‘फिट’ नको आणि ‘श्रिंक ओव्हरसाइज्ड पेजेस’ही नको, हे दुसरे नाव निरुपद्रवी वाटते, पण पान छापण्याच्या जागेपेक्षा केसभर मोठे असले तरी ते सगळे पान लहान करते. उजवीकडच्या छोट्या चित्राच्या वर टक्केवारी दिसते. तिथे १०० वाचल्याशिवाय ‘प्रिंट’चे बटण दाबू नका. क्रोममधूनच काढायची वेळ आली तर ‘मोअर सेटिंग्ज’मध्ये ‘स्केल’ला ‘कस्टम’ करून १०० भरा.

एवढे करूनही चौरस ४.७ आला, तर दोन शक्यता उरतात. प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ‘फिट टू पेज’ किंवा ‘रिड्यूस/एन्लार्ज’ चालू असेल. प्रोग्रॅमने १०० टक्के पाठवले तरी प्रिंटरचा ड्रायव्हर (संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) शेवटी स्वतःची कात्री चालवू शकतो. तसे नसेल, तर पीडीएफ बनवणाऱ्यानेच ती आखडलेली असणार. रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबून पानाचे माप पाहा. ८.२७×११.६९ इंच म्हणजे ए-फोर, ८.५×११ म्हणजे लेटर. विकणाऱ्याकडून नीट फाइल मागवणे उत्तम. तोवर ‘कस्टम स्केल’मध्ये ५ भागिले ४.७, म्हणजे १०६.४ टक्के भरून काम चालेल. मात्र वाढवल्यावर कडेच्या रेषा कापल्या जात नाहीत ना, हे पाहा.

आधी फक्त चौरसाचे पान छापायचे. बारा पाने छापून मग मोजणे म्हणजे कापड कापून माप घेणे. चौरस आडवा आणि उभा दोन्हीकडून मोजा, आणि मोजायला स्टीलची पट्टी घ्या. शिंपीकामाची टेप वापरून वापरून ताणलेली असते.

पाने जोडताना प्रत्येक पानाची एकच बाजू खुणेवर कापायची, दुसरी तशीच ठेवून तिच्यावर चढवायची. दोन्ही कापून कडेला कड लावली तर प्रत्येक सांध्याला अर्धा मिमी इकडेतिकडे होतो. आधी आडव्या ओळी तयार करा, मग ओळी एकमेकींना जोडा. पातळ गोंद किंवा खळ नको. ओला कागद फुगतो, सुकताना वाकडा होतो. ग्लू स्टिक किंवा चिकटपट्टी पुरे. सगळे जोडून झाले की पाठीची पूर्ण उंची आणि छातीची रेषा एकदा मोजून नमुन्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहा. साध्या ७० किंवा ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाच्या) कागदावर नमुना चांगला निघतो. जाड कागदाचे सांधे बेतताना सुरकुततात.

मोबाइलवरून थेट प्रिंट टाळा. तिथल्या खिडकीत बहुतेक वेळा टक्केवारी भरायची सोयच नसते. झेरॉक्सच्या दुकानातून काढत असाल तर ‘हंड्रेड पर्सेंट, फिट नको’ हे चार शब्द आधी सांगा आणि चौरसाचे पान तिथेच मोजा. पट्टी पर्समध्ये असू द्या.

याच उत्तरात अमेरिकेतल्या वाचकांचे एक पत्र घेतो. त्यांनी महाराष्ट्रातून आलेला आकाशकंदिलाचा ए-फोर नमुना छापला, पाकळ्या लहान आल्या. तिथे ट्रेमध्ये खरोखरच लेटर कागद असतो. ‘अॅक्चुअल साइज’ निवडले तर माप बरोबर येईल, पण कागद १८ मिमी आखूड असल्याने वर-खाली मिळून तेवढा भाग, आणि प्रिंटरची कोरी पट्टी वेगळी, कापली जाईल. नमुना त्या पट्टीत शिरत असेल तर लीगल कागद, २१६×३५६ मिमीचा, आणा. त्यावर ए-फोर पूर्ण मावतो.

प्रश्न : स्क्रीनवर १०० टक्क्यांवर बघतो तेव्हा नाण्याचा फोटो केवढा मोठा दिसतो, आणि छापला की शर्टाच्या बटणाएवढा. १०० टक्के म्हणजे मूळ माप ना?
– नाणी जमवणारे एक वाचक, सोलापूर

नाही. स्क्रीनवरचे १०० टक्के म्हणजे चित्राचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर. त्याचा सेंटिमीटरशी संबंध नाही. चोवीस इंची साध्या फुल एचडी मॉनिटरवर इंचाला ९२ पिक्सेल असतात, १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर १४१. एकच चित्र या दोन स्क्रीनवर वेगवेगळ्या मापाचे दिसते, मग त्यांतले खरे कुठले? ६०० पिक्सेलचा फोटो मॉनिटरवर साडेसहा इंचांचा दिसतो आणि ३०० डीपीआयवर छापला की दोन इंचांचा होतो. यात काही बिघडलेले नाही.

तुम्हाला नाण्याच्या खऱ्या व्यासाएवढा फोटो हवा आहे. नाणे कॅलिपरने मोजा. फोटोत त्याचा व्यास किती पिक्सेल आहे ते गिंपच्या मोजणी अवजाराने काढा. समजा नाणे २५ मिमी आणि फोटोत ८०० पिक्सेल. ८०० भागिले २५, गुणिले २५.४ म्हणजे ८१२.८. हा आकडा ‘प्रिंट साइज’मध्ये भरा. आकडा मोठा दिसतो म्हणून घाबरू नका, जास्त डीपीआयने काही बिघडत नाही. उलट तो १५० च्या खाली गेला तर नाण्यावरची अक्षरे फुटलेली दिसतील, तेव्हा फोटोच जवळून काढावा लागेल.

प्रश्न : घरातल्या मोडी कागदांच्या मूळ मापाच्या प्रती अभ्यासकांना द्यायच्या आहेत. एक कागद ४५ सेंमी लांब आहे, स्कॅनरवर मावत नाही. मोबाइलने फोटो काढला तर प्रत खालच्या बाजूला रुंद येते.
– एक वाचक, वाई

अशा कागदाची प्रत मूळ मापातच द्यायला हवी, या तुमच्या आग्रहाशी आम्ही पूर्ण सहमत आहोत. बोरूच्या फटकाऱ्याची जाडी, दोन ओळींतले अंतर, समास किती सोडला, हे सगळे वाचणाऱ्याला उपयोगी पडते, आणि लहान-मोठी झालेली प्रत ते सारे पुसून टाकते.

खालची बाजू रुंद आली, कारण मोबाइल कागदाला समांतर नव्हता. खालची कड कॅमेऱ्याच्या जवळ होती. कागद जमिनीवर किंवा टेबलावर, कॅमेरा बरोबर वर, आणि शक्य तितका लांब. लांब का, ते महत्त्वाचे आहे. जुन्या कागदाच्या घड्या उठून राहतात. घडी १ सेंमी वर आली आणि कॅमेरा ५० सेंमीवर असला तर तेवढा भाग २ टक्के मोठा दिसतो. कॅमेरा दीड मीटरवर असला तर पाऊण टक्क्याहूनही कमी. मोबाइलची वाइड लेन्स जवळून वापरली तर कडा वर फुगतात. म्हणून स्टँडवर लावलेला कॅमेरा आणि ५० मिमीच्या आसपासची लेन्स मिळाली तर उत्तम. मोबाइलच असेल तर दोनपट झूमच्या लेन्सने लांबून काढा. घड्या सपाट करायला काच दाबू नका. जीर्ण कागद घडीवरच तुटतो. प्रकाश दोन्ही बाजूंनी तिरका आणि सारखा असावा, फ्लॅश नको.

कागदाशेजारी दोन मोजपट्ट्या ठेवा, एक आडवी, एक उभी. त्या कागदाच्याच पातळीत हव्यात. कागद पुठ्ठ्यावर आणि पट्टी टेबलावर असे झाले की मापात चूक आलीच. फोटो संगणकावर आणून गिंपमध्ये आधी तपासा, आडव्या पट्टीवरचे १० सेंमी किती पिक्सेल आणि उभ्या पट्टीवरचे किती. दोन्ही जुळले तर पुढे जा. समजा १४८० पिक्सेल आले. १४८० भागिले १०, गुणिले २.५४, उत्तर ३७५.९. ‘प्रिंट साइज’मध्ये हा आकडा. आकडे जुळले नाहीत तर ‘पर्स्पेक्टिव्ह’ अवजाराने सरळ करता येते, पण त्यापेक्षा फोटो पुन्हा काढणे कमी कष्टाचे आणि जास्त खरे. सरळ करताना शिरोरेषेवर मात्र विसंबू नका. मोडीत ती आधी ओळभर ओढून घेत, पण हाताने, आणि हात जरा चढत किंवा उतरत जातो. तिला सरळ केले तर मूळ लेखकाचा हात तुम्ही बदललात.

४५ सेंमी ए-थ्रीमध्येही मावत नाही, तो ४२ सेंमी असतो. दोन वाटा आहेत. घरीच छापायचे तर लिबरऑफिस ड्रॉ या चित्रे मांडण्याच्या प्रोग्रॅममध्ये पानाचे माप कागदापेक्षा थोडे मोठे, समजा ३०×५० सेंमी, ठरवा. चित्र आणून एफ-फोर दाबा, रुंदी-उंचीचे आकडे तपासा, आणि पीडीएफ करा. पीडीएफ करताना ‘लॉसलेस’ निवडा आणि ‘रिड्यूस इमेज रेझोल्यूशन’वरची खूण काढा. ही पीडीएफ रीडरमध्ये ‘पोस्टर’ पर्यायाने, ‘टाइल स्केल’ १०० आणि ‘ओव्हरलॅप’ १ सेंमी ठेवून, ए-फोरच्या तुकड्यांत निघते. दुसरी वाट म्हणजे बांधकामाचे नकाशे छापणारे प्लॉटरचे दुकान. तिथे रुंद रोलवर ती एकसंध निघेल, आणि आम्ही हीच वाट सुचवू. सांधलेल्या मोडी प्रतीत जोडावर नेमके अक्षर येते. दोन्ही मोजपट्ट्या प्रतीत राहू द्या, कापू नका. पुढे कुणी त्या प्रतीची झेरॉक्स काढली तरी खरे माप त्याला काढता येईल.

प्रश्न : घरच्या इंकजेटवर पासपोर्टचे फोटो काढतो. ३५ मिमी रुंद हवा, ३६ येतो.
– एक वाचक, पणजी

३६ भागिले ३५ म्हणजे जवळपास १०३ टक्के. तुम्ही ‘बॉर्डरलेस’, म्हणजे कड न सोडता छापण्याचा पर्याय, चालू ठेवला आहे. कागद आत जाताना किंचित सरकला तरी पांढरी कड दिसू नये म्हणून प्रिंटर चित्र थोडे मोठे करून कागदाबाहेर सांडू देतो. ड्रायव्हरमध्ये ‘एक्स्पान्शन’ किंवा ‘अमाउंट ऑफ एक्स्टेन्शन’ नावाची पट्टी असेल तर ती अगदी कमी करा. ‘रिटेन साइज’ असेल तर ते निवडा. पण कड असलेलीच प्रिंट काढावी, कारण हे फोटो पुढे कापायचेच आहेत.

चार बाय सहा इंचांच्या कागदावर ३५×४५ मिमीचे आठ फोटो बसतात. कागद १५२×१०२ मिमी. आडवे चार फोटो १४० मिमी, मधल्या तीन फटी एकेक मिमीच्या, म्हणजे दोन्ही कडांना साडेचार मिमी उरतात. उभे दोन फोटो ९० मिमी आणि मधे २ मिमी, वर-खाली पाच-पाच. तुमच्या प्रिंटरचे मार्जिन ३ मिमी असेल तर हे छान बसते. लांबीच्या एका टोकाला जास्त मार्जिन सुटत असेल तर सहाच फोटो घ्या. ३०० डीपीआयवर एक फोटो ४१३×५३१ पिक्सेल. आधी ३५:४५ या प्रमाणात क्रॉप करा आणि मगच माप द्या. रुंदी आणि उंची वेगवेगळी ताणली की चेहरा बदलतो, आणि असा फोटो परत येतो.

प्रश्न : दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर स्कॅन पाठवला. त्याने ‘अॅक्चुअल साइज’ दिले तरी माप भलतेच.
– एक वाचक, परभणी

फोटो म्हणून पाठवलात, तिथेच घात झाला. व्हॉट्सअॅप चित्र लहान करते आणि डीपीआयची चिठ्ठीही टाकून देते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. पीडीएफ करून पाठवली तर आणखी चांगले, कारण पीडीएफच्या पानाला स्वतःचे माप असते.

प्रश्न : टोनर ट्रान्सफरने पीसीबी करतो. छोट्या आयसी बसतात, ४० पायांची बसत नाही.
– पदविकेचा विद्यार्थी, नाशिक

इतर वाचकांसाठी आधी सांगतो : पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, आयसी म्हणजे त्यावर बसणारी, दोन बाजूंना पाय असलेली चिप, आणि टोनर ट्रान्सफर म्हणजे लेझर प्रिंटचा टोनर इस्त्रीने बोर्डच्या तांब्यावर उतरवणे. प्रिंट लहान आली आहे, फक्त छोट्या आयसीत ते कळत नाही. दोन पायांत २.५४ मिमी. आठ पायांच्या आयसीत एका बाजूला तीनच अंतरे, ७.६२ मिमी, ९७ टक्क्यांवर फरक पाव मिमीच्या आत, पाय ढकलून बसतात. चाळीस पायांच्या आयसीत एका बाजूला एकोणीस अंतरे, ४८.२६ मिमी. ९७ टक्क्यांवर ती ४६.८ होतात, म्हणजे दीड मिमी कमी, अर्ध्या अंतराहून जास्त. बोर्डचे चित्र जेपीजी करून छापू नका. डिझाइन प्रोग्रॅममधून थेट पीडीएफ काढा आणि १०० टक्क्यांवर, टोनर सेव्ह बंद करून, लेझरवर छापा. इस्त्री तापवण्याआधी सर्वांत लांब आयसी कागदावर ठेवून पाय जुळतात का पाहा. तांब्याच्या बाजूला लिहिलेली अक्षरे कागदावर उलटी दिसली पाहिजेत; सुलटी दिसत असतील तर बोर्डवर सगळे आरशातले उतरेल.

प्रश्न : वर्डमध्ये चित्र १० सेंमी केले, छापल्यावर १० सेंमी येते, पण अस्पष्ट.
– एक वाचक, अमरावती

माप बरोबर आहे ना, मग अर्धे काम झाले. वर्ड सेव्ह करताना चित्रातले पिक्सेल कमी करते. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’वर खूण करा आणि मूळ चित्र पुन्हा घाला. आधीचे चित्र सुधारणार नाही.

प्रश्न : सगळीकडे १०० टक्के आहे. आडवी रेघ बरोबर येते, उभी २०० मिमीची १९९ भरते.
– एक निवृत्त आरेखक, ठाणे

इथे मात्र चूक यंत्राची आहे, आणि ती थोडीफार प्रत्येक यंत्रात असते. उभ्या दिशेचे माप कागद ओढणाऱ्या रोलरवर अवलंबून असते; रोलर झिजला किंवा कागद घसरला की त्याच दिशेत फरक पडतो. लेझरमध्ये आणखी एक गोष्ट घडते. टोनर वितळवणाऱ्या गरम रोलरखालून जाताना कागदातला ओलावा उडतो आणि कागद किंचित आकसतो. पावसाळ्यात उघड्या गठ्ठ्यातला दमट कागद वापरला तर जास्त. कागद बंद पाकिटात ठेवा, आणि प्रिंट निघाल्या निघाल्या मोजू नका. काही वेळ हवेत राहू द्या, मग मोजा.

तुम्ही २०० मिमीची रेघ घेतलीत हे फार योग्य केलेत. ५ सेंमीवर नजरेची अर्ध्या मिमीची चूक म्हणजे एक टक्का. २०० मिमीवर तीच चूक पाव टक्का. पट्टीचे शून्याचे टोक झिजलेले असते, म्हणून १० मिमीपासून मोजायला सुरुवात करा आणि शेवटी १० वजा करा.

दुरुस्तीचा गुणक २०० भागिले १९९, म्हणजे १.००५. गिंपच्या ‘प्रिंट साइज’मध्ये एक्स (आडव्या) आणि वाय (उभ्या) रेझोल्यूशनमधली साखळी तोडा, एक्स ३०० ठेवा आणि वाय ३०० भागिले १.००५, म्हणजे २९८.५ करा. इंचातले पिक्सेल कमी झाले की उभे माप तेवढेच वाढते. हा गुणक त्या प्रिंटरचा, त्या कागदाचा आणि त्याच ट्रेचा आहे. कागदाची कंपनी किंवा जाडी बदलली की नवी रेघ छापून नवा गुणक काढा, आणि तो पेन्सिलीने प्रिंटरच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखेसह लिहून ठेवा.